तीन नावांचा तलाव

नोव्हेंबर महिना आपल्याकडे मृतांचा महिना म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात मंदिराच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली असते. लोक आपापल्या दिवंगतांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून तीत टाकतात आणि संध्याकाळच्या मिस्सापूर्वी ती वेदीजवळून वाचली जातात. हे वाचन गेली अनेक वर्षे मी करीत आलो आहे. यादी लांबलचक असते, नावांत तोचतोचपणा असतो आणि तरुण मंडळी कंटाळून चुळबुळ करू लागतात. परंतु पुढच्या बाकावरची एखादी वृद्धा केवळ एका नावाची वाट पाहत बसलेली असते. ते नाव उच्चारले गेले की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आपले माणूस विसरले गेले नाही, एवढीच खात्री तिला हवी असते.

याच महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाच्या आग्रहावरून दोन चिनी चित्रपट मी लागोपाठ पाहिले. ‘चांगजिन तलावाची लढाई’ हा पहिला आणि ‘जलद्वार पूल’ हा त्याचा उत्तरार्ध. उत्तरार्धाच्या अखेरीस हजेरीचा एक प्रसंग आहे. सातव्या तुकडीत १५७ जण असायला हवेत. हजर आहे तो एक, विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा एक पोर. त्याचा आवाज थंडीने घोगरा झालेला आहे. तो आपल्या तुकडीची संख्या सांगतो आणि पडद्यावर शांतता पसरते. त्या रात्री मला झोप आली नाही. चित्रपटाने मनाला चटका लावला हे खरेच, परंतु अस्वस्थतेचे कारण तेवढेच नव्हते. या हजेरीत कोणाकोणाचे नाव पुकारले गेलेच नाही, हा प्रश्न मनात घोळत राहिला. त्या प्रश्नाच्या मागोमाग इतिहासाची जी पाने उलटली गेली, ती वाचकांपुढे मांडीत आहे.

चित्रपट

पहिला चित्रपट ३० सप्टेंबर २०२१ रोजी चीनमध्ये प्रदर्शित झाला. तो दिवस त्या देशात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो, आणि ते वर्ष चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या शताब्दीचे होते. चेन कैगे, त्सुई हार्क आणि डान्टे लाम या तीन दिग्दर्शकांनी मिळून तो निर्माण केला. यांपैकी चेन कैगे यांच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाईन’ या चित्रपटाला १९९३ साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले होते. म्हणजे हे केवळ प्रचाराचे कारागीर नव्हेत. खर्च सुमारे वीस कोटी डॉलर झाला आणि उत्पन्न नव्वद कोटी डॉलरांच्या पुढे गेले. तोवरच्या कोणत्याही चिनी चित्रपटाने एवढी कमाई केली नव्हती. उत्तरार्ध १ फेब्रुवारी २०२२ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी, पडद्यावर आला.

कथा साधी आहे. वू छियानली हा सैनिक युद्धात मरण पावलेल्या थोरल्या भावाची रक्षा घेऊन घरी येतो. आईवडील नदीवर होडीत राहणारे. घर बांधून देण्याचे आश्वासन तो देतो, तोच पुन्हा बोलावणे येते. धाकटा भाऊ वानली हट्टाने त्याच्या मागोमाग सैन्यात शिरतो. पुढे बर्फ, उपासमार, विमानांचा मारा आणि एकामागून एक मरण. एका प्रसंगात अमेरिकन सैनिक ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला टर्कीचे भोजन करीत आहेत आणि डोंगरावर चिनी सैनिक गोठून दगड झालेल्या बटाट्यावर दात घासत आहेत. पहिल्या भागाच्या अखेरीस अमेरिकन सेनापती एका टेकडीवर पोहोचतो. तेथे चिनी सैनिकांची अख्खी तुकडी बंदुका रोखलेल्या अवस्थेतच गोठून मेलेली असते. तो तिला सलाम करतो.

यांतील बहुतेक गोष्टींना इतिहासाचा आधार आहे. सणाचे भोजन झाले होते, गोठलेले बटाटे खाल्ले गेले होते, आणि पहाऱ्यावरच गोठून मेलेल्या तुकड्याही होत्या. सलाम मात्र पटकथेतला आहे. आपल्या शूराची थोरवी शत्रूच्या तोंडून वदवून घ्यावी, ही वीरकथा सांगणाऱ्यांची जुनी पद्धत. तिला दोष देत नाही. पण तेथून पुढे पाऊल जपून टाकावे लागते.

तलाव आणि त्याची नावे

कोरियाच्या ईशान्य भागात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीच्या पठारावर, हा तलाव आहे. तो निसर्गनिर्मित नाही. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानी भांडवलदारांनी पठारावरील नदी अडवली, तिचे पाणी बोगद्यांतून आणि प्रचंड नळांतून कड्याखाली सोडले आणि त्या विजेवर हुंगनाम बंदरातील खत व रसायनांचा अवाढव्य कारखाना चालवला. चित्रपटाच्या उत्तरार्धातील पूल याच नळांच्या तोंडाशी, फुंचिलिन खिंडीत होता.

कोरियन लोक या तलावाला ‘जांगजिन’ म्हणतात. त्याच चित्रलिपीचा चिनी उच्चार ‘चांगजिन’ होतो आणि जपानी उच्चार ‘चोसिन’. अमेरिकन सैन्याजवळचे नकाशे जपानी राजवटीत तयार झालेले होते. म्हणून अमेरिकेच्या इतिहासात ही लढाई ‘चोसिन’ या नावाने अमर झाली. चीनमध्ये ती ‘चांगजिन’ ठरली. ज्यांच्या भूमीवर हा सारा रक्तपात झाला त्या कोरियन माणसांचा उच्चार जगाच्या कानी क्वचितच पडला. दोन्ही चित्रपटांचे पाच-साडेपाच तास पाहून संपल्यावर हीच गोष्ट माझ्या ध्यानी आली. त्यांत चिनी आहेत, अमेरिकन आहेत. कोरियन जवळजवळ नाहीतच.

युद्धाकडे नेणारी वाट

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने ३८ वे अक्षांशवृत्त ओलांडून दक्षिणेवर हल्ला केला. चित्रपट या आरंभावरून घाईने पुढे सरकतो. पाहणाऱ्याला वाटावे की युद्धाचा प्रारंभ अमेरिकन आरमारापासूनच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली प्रामुख्याने अमेरिकन सैन्य दक्षिणेच्या मदतीस धावले. १५ सप्टेंबर रोजी जनरल मॅकआर्थर यांनी इंचॉन येथे सैन्य उतरवले आणि पारडे फिरले. आक्रमण परतवून लावले गेले होते. थांबावे की उत्तरेकडे जावे, हा प्रश्न आता उभा राहिला.

या वळणावर एका भारतीयाचे नाव इतिहासात येते. पेकिंगमधील आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री झोपेतून उठवून चौ एन-लाय यांच्या भेटीस बोलावण्यात आले. अमेरिकन सैन्याने ३८ वे अक्षांशवृत्त ओलांडले तर चीन युद्धात उतरेल, असा निरोप त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. दिल्लीमार्फत तो वॉशिंग्टन व लंडनला पोहोचला. परंतु पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, अशी तिकडे समजूत होती. म्हणून निरोपाकडे काणाडोळा झाला. सांगणारा न आवडल्याने सांगणेच खोटे मानले गेले. त्याची किंमत हजारो मुलांनी आपल्या प्राणांनी चुकवली. १९ ऑक्टोबर रोजी पेंग देहुआई यांच्या नेतृत्वाखालील चिनी सैन्य ‘स्वयंसेवक’ या नावाने यालू नदी ओलांडू लागले.

थंडी

पूर्वेकडील डोंगराळ भागासाठी नेमलेली फौज म्हणजे सोंग शिलुन यांचा नववा सेनासमूह, सुमारे दीड लाखांचा. ही माणसे पूर्व चीनच्या उबदार प्रदेशातली. तैवानवर उतरण्यासाठी त्यांची तयारी चालली होती. अकस्मात त्यांना आगगाड्यांत भरून उत्तरेकडे पाठवण्यात आले. अंगावर पातळ कापसाचे कपडे, पायांत कापडी जोडे. वाटेतल्या ठाण्यावर त्यांचा वेष पाहून तेथील सैनिकांनी आपले कोट आणि टोप्या उतरवून गाडीत फेकल्या, असे सांगतात. त्या कितीशा पुरणार?

नोव्हेंबरच्या मध्यास ही फौज कोरियात होती. दिवसा बर्फात दबून राहायचे, रात्री चालायचे, धूर दिसेल म्हणून चूल पेटवायची नाही. दीड लाख माणसे विमानांच्या नजरेतून सुटली, हे युद्धशास्त्राच्या दृष्टीने आश्चर्यच. पण ते ज्यांच्या शरीरांवर घडवले गेले त्यांचा विचार करावा. पारा उणे तीस अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जात होता.

२७ नोव्हेंबरच्या रात्री तलावाच्या दोन्ही तीरांवर हल्ला सुरू झाला. पश्चिमेस जनरल ऑलिव्हर स्मिथ यांचे मरीन दल होते. स्मिथ हे सावध प्रकृतीचे गृहस्थ. वरिष्ठांनी घाई केली तरी ते पावले मोजून पुढे गेले, वाटेत साठे करीत गेले आणि हागारू येथे त्यांनी गोठलेल्या जमिनीत धावपट्टी खणून घेतली. पुढे त्याच धावपट्टीवरून चार हजारांहून अधिक जखमी हलवले गेले. तलावाच्या पूर्वेकडील सुमारे तीन हजारांच्या तुकडीच्या नशिबी हे नव्हते. तिच्यातील हजाराहून अधिक जण मृत वा बेपत्ता झाले. त्यांत अमेरिकन पलटणीत भरती केलेले शेकडो कोरियन तरुणही होते. त्या तुकडीतील रेजिमेंटचा ध्वज चिन्यांच्या हाती लागला आणि आजही बीजिंगच्या सैनिकी संग्रहालयात आहे.

यानंतर मरीन दल समुद्राकडे परतू लागले. अगदी आतल्या ठाण्यापासून हुंगनाम बंदर सव्वाशे किलोमीटर, आणि डोंगरातून उतरणारा रस्ता एकच. फुंचिलिन खिंडीतील पूल चिन्यांनी वारंवार उडवला. खाली खोल दरी, बाजूला वळसा नाही. अखेर ७ डिसेंबर रोजी विमानांतून पोलादी पुलाचे आठ अजस्र भाग पॅराशूटने टाकण्यात आले. त्यांतला एक निकामी झाला, एक चिन्यांच्या हद्दीत पडला. उरलेल्यांतून पूल जोडला गेला आणि सैन्य पार झाले. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत, आकाशातून पूल मागवणाऱ्या सैन्याशी आपण बटाट्यांवर लढत आहोत, हे चिनी सैनिकाला त्या दिवशी कळले असेल. चित्रपटातही हा प्रसंग प्रभावी उतरला आहे. शत्रूचे सामर्थ्य तो लपवीत नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकन मरीन दलाची रणांगणावरील हानी सुमारे ४,४०० आणि त्याखेरीज सात हजारांवर माणसे मुख्यतः हिमदंशाने निकामी झाली. नवव्या सेनासमूहाची हानी चीनच्याच नोंदींनुसार लढाईत १९ हजारांहून अधिक आणि हिमदंशाने जवळजवळ २९ हजार. त्यांपैकी चार हजारांवर गोठून मेले. म्हणजे चिनी सैनिकाला शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच कापडी जोड्यांनी अधिक घायाळ केले. हा सेनासमूह त्यानंतर कित्येक महिने लढाईस उभा राहू शकला नाही. १९५२ साली मायदेशी परतताना यालूच्या काठी सोंग शिलुन यांनी गाडी थांबवली, तलावाच्या दिशेने तोंड करून ते मान लववून उभे राहिले आणि वळले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, अशी हकीकत चीनमध्ये सांगितली जाते. त्या आसवांत अभिमान किती आणि अपराधाची जाणीव किती, हे देव जाणे. चित्रपटातील सैनिक थंडीला शत्रू मानून तिच्याशी झुंजतात. परंतु थंडी येणार हे ठाऊक असताना त्यांना कोटांवाचून कोणी पाठवले, हा प्रश्न तेथे कोणी मोठ्याने विचारीत नाही.

हुतात्मा आणि रक्तसाक्षी

आपल्या ख्रिस्ती मराठीत ‘रक्तसाक्षी’ असा एक सुंदर शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षीदार’. सेमिनरीत आमचे ग्रीकचे प्राध्यापक हे आवर्जून सांगत: रक्त महत्त्वाचे नव्हे, साक्ष महत्त्वाची, आणि साक्ष सत्याची असेल तरच ती साक्ष. चिनी भाषेतील ‘लिएशी’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे, प्रखर बाण्याचा वीर. या शब्दात तेज आहे, पण सत्याशी त्याचा करार नाही.

हा भेद केवळ शब्दकोशातला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पहिला चित्रपट गर्दी खेचत असताना, लुओ चांगपिंग या पत्रकाराने युद्धाच्या समर्थनीयतेविषयी शंका घेतली आणि गोठलेल्या त्या तुकडीच्या नावावर बोचरा श्लेष केला. त्याला अटक झाली. वीर व हुतात्मे यांच्या बदनामीबद्दल त्याच वर्षी लागू झालेल्या कायद्यानुसार मे २०२२ मध्ये त्याला सात महिन्यांची कैद झाली. श्लेष सुरुचीचा नव्हता, हे मला मान्य आहे. गोठून मेलेल्या मुलांवर विनोद करू नये. घरच्या वडीलधाऱ्याने कान उपटावेत असा तो अपराध. परंतु तुरुंगाचे दार उघडते तेव्हा प्रश्न त्या मुलांच्या सन्मानाचा उरत नाही. मृतांना पहाऱ्यावर उभे केले जाते, ते जिवंतांनी विचारू नये म्हणून. ज्यांनी एकदा थंडीत पहारा केला, त्यांना हा दुसरा पहारा कोणाच्या संमतीने दिला गेला?

हे लिहिताना बोट केवळ चीनकडे रोखण्याचा माझा हेतू नाही. आपल्या वीरांच्या कथेत कोणी कोटाजोड्यांचा हिशेब मागितला की प्रत्येक राष्ट्राला राग येतो. आम्हा धर्मगुरूंनाही आमच्या संतांच्या चरित्रांत अडचणीचे पान आवडत नाही.

बंदरावरची हजेरी

चिनी पडद्यावर जे कोरियन दिसत नाहीत, त्यांची गाठ हुंगनाम बंदरावर पडते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सैन्य तेथे पोहोचले आणि त्याच्या मागोमाग बर्फ तुडवीत लाखभर स्त्री-पुरुष, मुलेबाळे धक्क्यावर येऊन उभी राहिली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ होती. परक्या सैन्याशी संबंध आल्यामुळे मागे राहिल्यास आपली धडगत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

सैन्य नेण्यासाठी आलेल्या जहाजांत त्यांना जागा देण्याचा बेत मुळात नव्हता. ह्यून बोंग-हाक नावाचा तेथलाच एक कोरियन डॉक्टर जनरल अल्मंड यांचा सल्लागार होता. त्याने आणि कर्नल फोर्नी या अधिकाऱ्याने जनरलसाहेबांच्या मागे लागून ही परवानगी मिळवली. २४ डिसेंबर रोजी अखेरचे जहाज सुटले आणि बंदर सुरुंगांनी उडवण्यात आले, तोवर सुमारे एक लाख पाच हजार सैनिकांबरोबर जवळजवळ तितकेच निर्वासितही सुटले होते. दोन-चार आठवड्यांत परत येऊ, या समजुतीने कित्येकांनी म्हाताऱ्या आईवडिलांना घरी ठेवले होते. त्या भेटी पुन्हा झाल्या नाहीत.

त्या जहाजांपैकी ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज. बारा उताऱ्यांची सोय असलेले. कप्तान लिओनार्ड लारू हे अमेरिकन कॅथलिक. धक्क्यावरची माणसे दुर्बिणीतून पाहून त्यांनी मावतील तितक्यांना चढवण्याचा हुकूम दिला. मालाच्या याऱ्यांनी फळ्यांवरून माणसे उचलून तळघरात उतरवली गेली. १४,००० जीव. अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही, डॉक्टर नाही. पोटात विमानाचे इंधन आणि समुद्रात सुरुंग. २३ डिसेंबरला जहाज निघाले. पुसान बंदरात जागा नव्हती, म्हणून त्यांना पुढे गोजे बेटाकडे धाडण्यात आले. नाताळच्या रात्री ते बेटासमोर नांगर टाकून होते. सव्वीस तारखेला सारे उतरले. वाटेत एकही जीव दगावला नाही. उलट पाच बालके जन्मली. खलाशांना कोरियन शब्द एकच ठाऊक होता, म्हणून त्यांनी त्यांची नावे ठेवली: किमची एक, किमची दोन, अशी पाचपर्यंत. जागा न मिळालेल्या त्या प्रवासाविषयी मी नाताळच्या प्रवचनात एकदा बोललो होतो. अधिक भाष्य करण्याची गरज पडली नाही.

त्याच जहाजात एक तरुण जोडपे होते. त्यांचा मुलगा १९५३ साली गोजे बेटावर जन्मला आणि २०१७ मध्ये दक्षिण कोरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. मून जे-इन हे त्याचे नाव.

कप्तान लारू १९५४ साली समुद्र सोडून न्यू जर्सीतील न्यूटन येथील बेनेडिक्टाईन मठात दाखल झाले आणि ब्रदर मरिनस झाले. भांडी धुणे, मठाच्या लहानशा दुकानात बसणे, ही त्यांची कामे. त्या नाताळाविषयी ते फारसे कधी बोलले नाहीत. या कथेला आणखी एक धागा आहे. हाम्हुंग-हुंगनामचा प्रदेश पूर्वी जर्मन बेनेडिक्टाईन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली होता. दक्षिणेकडे टोकवॉन येथे त्यांचा मठ होता. १९४९ च्या मे महिन्यात उत्तर कोरियाच्या राजवटीने तो बंद केला. बिशप-मठाधिपती बोनिफास झाउअर फेब्रुवारी १९५० मध्ये प्योंगयांगच्या तुरुंगात वारले. दक्षिणेकडे निसटलेल्या कोरियन संन्याशांनी पुढे वेगवान येथे मठ उभारला. २००१ साली न्यूटनचा मठ माणसांअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना तो चालवण्याचे याच वेगवानच्या मठाने मान्य केले. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २००१ रोजी, ब्रदर मरिनस यांनी डोळे मिटले. २०१९ मध्ये पॅटरसन धर्मप्रांताने त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली.

जे ‘हजर’ म्हणाले नाहीत

हजेरीत आणखी एक वर्ग राहून गेला आहे: जे जिवंत होते, पण उत्तर द्यायला परतले नाहीत. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली, तेव्हा मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न शिल्लक होता. त्यांना स्वतःच्या मनाने निवड करता यावी, एवढा काळ त्यांना सांभाळण्याचे काम भारताकडे आले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. त्यांच्या ताब्यात संयुक्त राष्ट्रांकडून साडेबावीस हजारांवर कैदी आले. त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक चिनी होते. छावण्यांत दोन्ही बाजूंच्या हस्तकांची दहशत होती. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत शिरले आणि बोलूनचालून त्याला सोडवून आणले.

जानेवारी १९५४ मध्ये त्या चिनी कैद्यांपैकी बहुतेक सारे तैवानला गेले. युद्धात पकडल्या गेलेल्या सुमारे एकवीस हजार चिन्यांपैकी हे दोन-तृतीयांश होत. जे सातएक हजार मायदेशी परतले होते, त्यांच्या वाट्याला हार आले नाहीत. शत्रूच्या हाती जिवंत लागलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षे संशयाने पाहिले गेले. १९८० मध्ये सरकारी आदेशाने त्यांच्यावरचा कलंक पुसला गेला, तोवर अनेकांचे तारुण्य सरले होते. गोठून मेलेल्यावर चित्रपट निघतो. हात वर करून वाचलेला, छावणीत कोवळ्या वयात अवघड निवड करावी लागलेला सैनिक त्यात मावत नाही. आणि आईच्या दृष्टीने पाहावे तर, दोघेही परत आलेले नसतात.

उत्तरेकडे तोंड

दक्षिण कोरियात पाजू नावाच्या ठिकाणी एक दफनभूमी आहे. १९९६ साली ती सिद्ध झाली. दक्षिणेच्या भूमीत सापडलेले उत्तर कोरियन आणि चिनी सैनिकांचे अवशेष तेथे पुरले गेले. त्या देशात कबरीचे तोंड दक्षिणेकडे असावे असा संकेत; येथे मात्र कबरी मुद्दाम उत्तरेकडे तोंड करून ठेवल्या आहेत, मृतांची गावे त्या दिशेला म्हणून. बहुतेकांवर नाव नाही. २०१४ साली तेथील ४३७ चिनी सैनिकांचे अवशेष सन्मानाने चीनला परत देण्यात आले आणि तेव्हापासून दरवर्षी काही ना काही परत जात आहेत. शेन्यांग येथे त्यांना मूठमाती दिली जाते. २०१८ मध्ये उत्तर कोरियाने ५५ पेट्या अमेरिकेला दिल्या. त्यांतील बऱ्याच चोसिनच्या रणभूमीवरून आलेल्या होत्या. त्यांतल्या हाडांना अद्याप एकेक करून नावे मिळत आहेत. सत्तर वर्षे उलटली, तहाच्या कागदावर सही नाही, तरी हजेरी चालू आहे.

शत्रूला त्याच्या गावाकडे तोंड करून पुरणारा तो अज्ञात कोरियन अधिकारी कोण असेल, ते मला ठाऊक नाही. त्याने इतिहास लिहिला नाही, चित्रपटही काढला नाही. परंतु चांगजिन, चोसिन आणि जांगजिन या तिन्ही नावांनी हाक मारणाऱ्यांना एकाच मातीत जागा देण्याचे काम त्याच्या हातून घडले, असे मला वाटते.

आमच्या मंदिरातील नोव्हेंबरच्या यादीत अखेरची ओळ ठरलेली आहे: ज्यांची आठवण काढायला कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी. पूर्वी मी ती घाईने वाचून टाकीत असे, कारण तोवर लोक उठण्याच्या तयारीत असतात. यंदा ती वाचताना थोडा थांबलो. मागच्या बाकावरून कोणीतरी खोकले. मग आम्ही मिस्साला सुरुवात केली.